काळी पेटी होती ना?

१

रविवारचा सराव संपला होता. बँडातली बाकीची मंडळी आपापल्या घरी गेली होती आणि मागे राहिलेल्यांचा चहा चालला होता. तेवढ्यात गल्लीत पाण्याचा टँकर आला. टँकरला वाट करून द्यायला स्कूटर हलवायची एकच धावपळ उडाली. ते आटोपून व्हिक्टर परेरा घरात येऊन बघतात तर भिंतीतल्या कपाटाचा मधला कप्पा रिकामा! त्यांच्या आजोबांचं चांदीचा मुलामा दिलेलं कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचा आखूड भाऊ, नाहीसं झालं होतं.

मरोळच्या सांतान पाखाडीत, त्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत, हे काही साधंसुधं वाद्य नव्हतं. पाखाडीतलं प्रत्येक लग्न, प्रत्येक सण, प्रत्येक अंत्ययात्रा त्या कॉर्नेटच्या सुरामागून चालली होती. त्यामुळे बातमी गल्लीभर पसरायला वेळ लागला नाही. चोर कोण, हेही संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं.

गुरुवारी सकाळी व्हिक्टर अंधेरीला दीप्ती वानखेडेच्या ऑफिसात येऊन बसले. दीप्ती खासगी गुप्तहेर होती. ऐकायला भारदस्त वाटतं, पण तिचा धंदा चालायचा तो लग्नाच्या चौकश्यांवर. मुलगा खरंच परदेशात आहे का, आधीचं लग्न मोडलंय का, संध्याकाळी कुठे बसतो, असल्या गोष्टी ती काढायची. चोरीचं काम क्वचितच यायचं.

"मॅडम, चोर कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे," व्हिक्टर म्हणाले.

"मग माझ्याकडे कशाला आलात, अंकल?"

"कारण मलाही ठाऊक आहे." म्हाताऱ्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आकाश मोरे. चेंबूरचा पोरगा, आमच्या बँडात वाजवतो. मीच शिकवलाय. आपली ट्रम्पेट ठेवायची काळी पेटी घेऊन तो घाईघाईने बाहेर पडला. मला डोळ्यांसमोर दिसतंय. पेटीवरचा निळा जय भीमचा स्टिकरसुद्धा."

"बरं, मग?"

"मग हेच की, रविवारी मला हे दिसत नव्हतं." व्हिक्टरनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "रविवारी मला एवढंच आठवत होतं की तो 'येतो अंकल' म्हणाला आणि गेला. पेटी मला मंगळवारी दिसायला लागली. आज तर स्टिकर दिसतोय. मॅडम, माझ्या वयाच्या माणसाच्या आठवणी कमी होत जातात. माझी ही एकच रोज वाढतेय. हे काय आहे?"

दीप्तीने पुढ्यातली फाईल मिटली. "आज संध्याकाळी सगळ्यांना तुमच्या घरी बोलवा," ती म्हणाली.

२

संध्याकाळी परेऱ्यांच्या ओसरीवर पाच जण जमले. स्वतः व्हिक्टर. त्यांची बहीण ज्युलिया, जी घर चालवायची आणि घरातल्या प्रत्येकाला धाकात ठेवायची. क्लॅरिनेट वाजवणारी नात किम्बर्ली. मोठा ड्रम बडवणारा, वाकोल्याहून येणारा सीताराम राणे. आणि हर्षद सामंत. हर्षद वाजवत नव्हता, पण बँडाला कामं तोच मिळवून द्यायचा. हॉटेलं आणि लग्नाचे हॉल सजवायचा त्याचा मुख्य व्यवसाय होता. माणूस गोड बोलणारा, कुणाच्याही कामाला धावणारा.

"रविवारी काय झालं?" दीप्तीने विचारलं.

उत्तर एकाने दिलं नाही, सगळ्यांनी मिळून दिलं. आरती म्हणावी तसं. एकाने ओळ उचलायची, दुसऱ्याने पुरी करायची.

"टँकर आला..."

"आम्ही सगळे बाहेर गेलो..."

"आकाश तेवढा आत होता..."

"मग निघाला. काळी पेटी छातीशी धरून..."

"स्टिकरवाली..."

"मागे वळूनपण बघितलं नाही."

"मागचं दार?" दीप्तीने विचारलं.

"बंद!" तीनचार गळे एकदम म्हणाले. ज्युलिया काहीतरी बोलायला गेली, पण सगळ्यांचं एकमत झालेलं पाहून तिने पदर सावरला आणि गप्प राहिली.

दीप्तीला हा सूर ओळखीचा वाटला. लग्नाच्या चौकशीत हे तिने पुष्कळदा अनुभवलं होतं. चार शेजारी एकत्र उभे असताना विचारलं, तर मुलगा नेहमी हिरा असतो. तेच चौघं दुसऱ्या दिवशी वेगवेगळे गाठले, की एकाला त्याचं ओरडणं ऐकू आलेलं असतं आणि दुसरीला त्याच्या आईचे सुजलेले डोळे दिसलेले असतात. एकत्र असताना कुणी खोटं बोलत नाही. फक्त सगळ्यांत सोयीची आठवण पुढे येते आणि बाकीच्या हळूच मागे सरतात.

"आमच्या घरातलं वाद्य बाहेरच्या पोराच्या हातात दिलं, तिथेच माती खाल्ली," ज्युलिया फटकन म्हणाली.

तो 'बाहेरचा' शब्द दीप्तीला लागला. तिच्या स्वतःच्या घराच्या दारावर तसाच निळा स्टिकर होता. पण म्हणूनच तिने स्वतःला बजावलं: पोराची बाजू घ्यायची नाही. आधी खरं काय ते बघायचं.

"शनिवारी संध्याकाळी आम्ही पोलिसांत तक्रार देतोय," हर्षद हळू आवाजात म्हणाला. "मलाही वाईट वाटतंय. पोराची पोलीस बँडात निवड झालीय, चारित्र्याची पडताळणी व्हायचीय. तक्रार गेली की नोकरी गेली. पण करणार काय?"

"आकाशचं म्हणणं काय आहे?"

सगळ्यांनी हर्षदकडे पाहिलं.

"मी फोन केला होता त्याला," हर्षद म्हणाला. "कॉर्नेट परत कर म्हटलं, तर त्याने फोनच कापला. आता समजा काय ते."

"म्हणजे 'काय झालं रे' असं त्याला कुणीच विचारलं नाही?"

ज्युलिया उठून ओसरीवरचा दिवा लावायला गेली.

३

शुक्रवारी सकाळी चेंबूरला आकाशने दार उघडलं तेव्हा त्याचे डोळे तांबारलेले होते. आधी तो बोलायलाच तयार नव्हता.

"कशाला आलात मॅडम? हर्षद सर डायरेक्ट म्हणाले, चोरलेलं परत कर, नाहीतर नोकरीची वाट लागेल. मी फोन आपटला. मग अंकलचा फोन आला तेव्हा उचलायची हिंमत नाही झाली. अंकलनी पण चोर म्हटलं असतं तर?"

"तू काळी पेटी घेऊन जाताना पाच जणांनी पाहिलंय, आकाश."

आकाशने कपाळाला आठ्या घातल्या. "कुठली पेटी?"

"तुझी. ट्रम्पेटची. स्टिकरवाली."

"ती कशी नेईन मी?" तो चक्रावून म्हणाला. "तिची कडी तुटली होती. आदल्या शुक्रवारीच घाटकोपरला दुरुस्तीला टाकलीय. रविवारी मला अंकलच्या कॉर्नेटवरच सराव करायचा होता, मी हात हलवत गेलो आणि हात हलवत आलो. पेटी अजून तिकडेच आहे. या भानगडीत आणायला गेलोच नाही."

दीप्ती तडक घाटकोपरला गेली. बॅगा दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीत, छताखालच्या खिळ्याला, ती पेटी टांगलेली होती. काळी, कोपरे झिजलेली, झाकणावर निळा स्टिकर.

"ही कधीपासून आहे इथे?"

"गेल्या शुक्रवारपासून," दुकानदार म्हणाला. "कडीच मिळेना, म्हणून अडकलीय. त्या पोराला सांगा, उद्या घेऊन जा."

टपरीसमोर रिक्षांचा कलकलाट चालला होता, पण दीप्तीला काही ऐकू येत नव्हतं. पाच माणसांनी डोळ्यांनी पाहिलेली पेटी रविवारी मरोळला नव्हतीच.

खरी आठवण पाच जणांना पाच ठिकाणांहून येऊ शकते. चुकीची आठवण, तीही अगदी एकसारखी, पाच जणांना आपोआप होत नाही. ती कुणाच्या तरी एकाच तोंडातून निघालेली असते.

कुणाच्या?

४

त्या दिवशी तिने एकेकाला एकटं गाठलं. काय पाहिलं, हे विचारलंच नाही. तिचा प्रश्न वेगळाच होता: "पेटी पहिल्यांदा आठवली तेव्हा कोण बोलत होतं?"

ज्युलिया बोंबील साफ करत होती. "किम्बर्ली," ती थोडं थांबून म्हणाली. "ती म्हणाली, 'आंटी, त्याच्याकडे पेटी होती ना?' तेव्हा मला आठवलं."

"आणि काल तुम्ही काहीतरी बोलणार होतात. मागच्या दाराबद्दल."

"जाऊ दे गं. सगळे बंद म्हणाले, तर बंदच असेल."

"सगळे नाहीयेत इथे, आंटी. तुम्ही आणि मी दोघीच आहोत."

ज्युलियाने सुरी खाली ठेवली. "मी चहाचं दुसरं आधण ठेवलं, तेव्हा मागची कडी वाजली. आणि नंतर मांजर आत आलेली, या टोपलीत तोंड घालून बसलेली. ती पुढच्या दाराने कधीच येत नाही." मग तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटलं. "अगो बाय! हे मी विसरूनच गेले होते."

किम्बर्ली कॉलेजातून आली. "पेटी ना? मला सीताराम काका म्हणाले, 'पेटी होती ना गो?' मग मला एकदम क्लिअर दिसली."

"टँकरच्या वेळी तू काय करत होतीस? चोरीचं सोड. तू काय करत होतीस ते सांग."

"काही खास नाही यार. मी... हां, हर्षद सरांना ड्रम उचलू लागले. त्याचं कातडं सैल पडलंय, ते बदलायला त्यांनी गाडीत नेला. गल्लीत टँकर होता ना, म्हणून मागच्या दाराने. मी खोळीचा एक पट्टा धरला होता. बाजूच्या कप्प्यात झांजा खणखणत होत्या."

"हे काल का नाही सांगितलंस?"

"ड्रम कुठे चोरीला गेलाय, ताई? आणि दार मी मग लावलंच होतं." किम्बर्ली हसली.

संध्याकाळी दीप्ती वाकोल्याला सीतारामच्या खोलीवर पोचली. त्याने दार अर्धंच उघडलं. तिच्या नजरेतून सुटू नये म्हणून की काय, खाटेखालच्या गोणपाटातून पितळेची कड चकाकत होती. सीतारामच्या ते लक्षात आलं आणि तो पुढे सरून खाटेच्या आड उभा राहिला.

"काका," दीप्ती शांतपणे म्हणाली, "रविवारी तुम्ही परेऱ्यांच्या घरून काय आणलंत?"

सीतारामचा चेहरा पडला. तो मटकन खाटेवर बसला आणि त्याने गोणपाट पुढे ओढलं. आत दोन मोठ्या झांजा होत्या.

"नातीच्या शाळेत बँड बसवतत," तो खालमानेने म्हणाला. "दोन दिसांसाठी आणलंय. इचारूक विसारलंय, आणि मगे चोरीचो बोभाटो झालो. आता सांगतलंय तर लोक माकाच चोर म्हणतले. म्हणान गप ऱ्हवलंय."

"झांजा कधी काढल्यात खोळीतून?"

"चा पिवच्या आधी."

दीप्तीने मनाशी वेळ जुळवली. ती जमिनीवरच बसली. "काका, शेवटचं एकच सांगा. पेटीचं तुम्हाला पहिल्यांदा कोण बोललं?"

"हर्षदान. आम्ही कपाट बघीत हुतो, तेव्हाच माका इचारल्यान, 'काका, त्याच्या हातात काळी पेटी होती ना?' मी म्हटलंय, आसतली. दर आयताराक आसता." सीताराम बोलता बोलता अडखळला. "मी बगलंय असा नाय म्हटलंय हां. आसतली म्हटलंय."

५

शनिवारी संध्याकाळी तक्रार द्यायला निघायच्या तयारीत सगळे ओसरीवर जमले होते. हर्षदने गाडीही आणून उभी केली होती.

"पाच मिनिटं बसा," दीप्ती म्हणाली. "तक्रार द्यायचीच आहे. फक्त आधी आपण रविवार पुन्हा आठवू. पण आज एकत्र नाही. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही."

तिने आधी पेटीचं सांगितलं. घाटकोपरचा खिळा, तुटलेली कडी, दुकानदार. ज्युलियाने छातीवर क्रूसाची खूण केली.

"पण मी पाहिली होती!" किम्बर्ली म्हणाली.

"तू सीताराम काकांचं ऐकलंस. आंटींनी तुझं ऐकलं. अंकलनी सगळ्यांचं ऐकलं. प्रत्येकाच्या आठवणीच्या शेवटी एक 'ना' आहे: होती ना, होती ना, होती ना. तो मागे मागे नेला, तर सीताराम काकांपाशी जातो. आणि काकांना कुणी विचारलं?"

सीताराम उठून उभा राहिला. "हर्षदान," तो म्हणाला.

"अरे, मला तसं वाटलं म्हणून विचारलं!" हर्षद हसला. "माझीही चूक झाली असेल. पेटी नसेल, तर पिशवीत नेलं असेल. घरातून बाहेर गेला तो एकटा आकाशच ना?"

"पुन्हा 'ना'," दीप्ती म्हणाली. "किम्बर्ली, टँकरच्या वेळी तू काय करत होतीस ते सांग."

किम्बर्लीने सांगितलं. मागचं दार, ड्रम, खोळीचा पट्टा, कप्प्यात खणखणणाऱ्या झांजा. ज्युलियाचे डोळे मोठे झाले. तिची कडी, तिची मांजर तिला एकदम जागच्या जागी बसलेली दिसली.

"काका, आता तुम्ही."

सीतारामने गोणपाट उचललं आणि सगळ्यांसमोर सोडलं. "झांजा माझ्याकडे हत," तो म्हणाला. त्याने व्हिक्टरकडे पाहिलं. "चा पिवच्या आधीच मी काढलंय."

क्षणभर कुणालाच उमगलं नाही. मग किम्बर्लीच्या तोंडून शब्द फुटला, "मग माझ्या हाताशी खणखणत काय होतं?"

सगळ्यांच्या माना एकदम हर्षदकडे वळल्या.

"एकालाही सगळं आठवत नव्हतं," दीप्ती म्हणाली. "आंटींकडे कडी होती, किमकडे आवाज होता, काकांकडे झांजा होत्या. तुम्ही एकत्र बसलात आणि प्रत्येकाने आपला तुकडा खाली ठेवून हर्षदरावांचा उचलला. आंटींना वाटलं, सगळे म्हणतात तेच खरं. काकांना लाज वाटली. किमला वाटलं, ड्रमचा काय संबंध? आणि हर्षदराव, मी एकेकाला भेटले तेव्हा प्रत्येकाकडे काहीतरी जास्तीचं निघालं. तुम्हाला काल फोन केला, तर तुम्ही ओसरीवरचंच शब्दन् शब्द म्हणून दाखवलंत. पाठ केल्यासारखं."

"ड्रम कुठाय, हर्षद?" व्हिक्टरनी विचारलं. ते ओरडले नाहीत.

"गोदामात. कातडं बदलायला वेळ नाही मिळाला, अंकल. पण चावी ऑफिसला राहिलीय..."

"चावी तुझ्या कमरेला आहे," ज्युलिया म्हणाली. आणि दोन पावलं पुढे येऊन तिने त्याच्या पट्ट्याला लावलेला जुडगा हिसकून घेतला.

६

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत हर्षदचं गोदाम होतं. पाखाडीतली निम्मी माणसं मागोमाग चालत आली. शटर वर गेलं. आत कुठल्याशा रिसॉर्टसाठी बांधलेली खोकी होती. जुने कंदील, होड्यांची वल्ही, ग्रामोफोनचे कर्णे. जुन्या मुंबईचा देखावा करायचा म्हणून जमवलेला माल. कोपऱ्यात ड्रम होता. त्याच्या शेजारच्या खोक्यात, कापसात गुंडाळलेलं, आजोबांचं कॉर्नेट निघालं.

"मागितलं होतं मी तुमच्याकडे, तुम्ही नाही म्हणालात," हर्षद पुटपुटला. "भिंतीवर किती छान दिसलं असतं."

व्हिक्टर त्याच्याशी बोललेच नाहीत. "चला," ते इतरांना म्हणाले, "तक्रार द्यायचं तर ठरलंच आहे. फक्त नाव बदलायचं."

दीप्तीने आकाशला वसाहतीच्या फाटकापाशी यायला सांगितलं होतं. तो अंग चोरून उभा होता. पळून जावं की पुढे यावं, हे त्याचं ठरत नव्हतं. ज्युलियाच सरळ चालत त्याच्यापाशी गेली.

"मी तुला चोर म्हटलं," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर म्हटलं, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. चुकलं माझं. तू बाहेरचा नाहीस, तोंड माझं वाईट आहे. आईचा नंबर दे. तिच्याशीपण मीच बोलणार."

आकाशने खिशातून फोन काढला. व्हिक्टरनी कॉर्नेट आपल्या सदऱ्याने पुसलं आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं.

"मला सगळ्यात शेवटी आठवलेलं सगळ्यात खोटं होतं, पोरा," म्हातारा म्हणाला. "रविवारी मला तुझं 'येतो अंकल' एवढंच आठवत होतं. तेवढ्यावरच राहायला हवं होतं मी. वाजव आता."

"इथे?"

"इथेच."

आकाशने डोळे पुसले, कॉर्नेट ओठांना लावलं. पहिला सूर जरा थरथरला. दुसरा सरळ वर गेला, पत्र्याच्या शेडांवरून पार पलीकडे. सीतारामने ड्रम गळ्यात अडकवला. कातडं सैल तर सैल, त्याने असा काही ठोका दिला की गोदामाचं शटर हादरलं. किम्बर्ली घराकडे क्लॅरिनेट आणायला धावत सुटली आणि धापा टाकत परतली. कारखान्यांतून पाळी संपवून निघालेली माणसं डबे हातात धरून थांबली. कुणीतरी टाळ्यांचा ताल धरला, तो मागेपर्यंत पसरला.

दीप्ती बाजूला उभी राहून बघत होती. इतक्या वर्षांत तिने माणसांची लग्नं मोडतील असंच बहुतेक शोधून काढलं होतं. आज तिच्या कामातून एक मिरवणूक निघाली होती. तिला मोठ्याने हसू आलं, आणि ते तिने दाबलं नाही.

"ए पोरी, लांब काय उभी राहतेस?" ज्युलियाने तिचा दंड धरून तिला रांगेत ओढलं.

वरात फाटकाबाहेर पडली, पोलीस ठाण्याच्या दिशेने. पुढे आकाश, त्याच्या खांद्यावर हात ठेवून व्हिक्टर, मागे अख्खी पाखाडी. मुख्य रस्त्यावर बसेस, रिक्षा, ट्रक एकमेकांना चिकटून भोंगे वाजवत होते. नाक्यावरच्या वाहतूक हवालदाराने कॉर्नेट ऐकलं, वळून एकदा नीट पाहिलं, आणि शिट्टी फुंकून दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबवल्या.